पॉवर बँक फुगलीय का? टेबलावर ठेवून बघा
जुनी पॉवर बँक सपाट टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगली, किंवा कडेची फट रुंदावलेली दिसली, तर आतला सेल फुगलाय. लिथियम सेल खराब होताना आत वायू साठतो, त्यामुळे पोट वर येतं. "चालतेय ना अजून" म्हणून ती वापरत राहणं म्हणजे निव्वळ हट्ट. चार्जिंग तिथेच थांबवा. दाबून सपाट करू नका, टाचणी तर अजिबात टोचू नका. आत शॉर्ट सर्किट होऊन सेल पेट घेऊ शकतो. ओल्या-सुक्या कचऱ्यातही नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तोवर कागद-कपड्यांपासून लांब, फरशीवर ठेवा.

चांगली असली तरी उशीखाली चार्जिंगला लावू नये, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नये.

विमानप्रवासात ती केबिन बॅगेतच हवी, चेक-इनच्या सामानात चालत नाही. साधारण मर्यादा 100 वॅट-अवरची (वॅट-अवर म्हणजे साठवलेल्या ऊर्जेचं माप). 20,000 एमएएचची बँक आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टने 74 वॅट-अवर भरते, म्हणजे बसते. मात्र वरचा छापील मजकूर पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.