ग्रीनरूममधली तात्पुरती कंट्रोल रूम : कमी खर्चात मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण

भजनी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम असो किंवा हुतात्मा स्मृती मंदिरातली गायनाची मैफल असो, प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक ठेवून कार्यक्रम मुद्रित करायचा म्हटले की सोलापुरातल्या लहान मंडळापुढे पहिला प्रश्न पैशांचा उभा राहतो. सुसज्ज ध्वनिमुद्रण गाडी बोलावणे त्यांना परवडत नाही आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून पेन ड्राइव्हवर घेतलेले स्टीरिओ रेकॉर्डिंग पुढे दुरुस्त करता येत नाही. या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे मालवाहू रिक्षात मावेल एवढे सामान नेऊन रंगमंचामागच्या एखाद्या खोलीत दोन-तीन तासांत उभारलेली कंट्रोल रूम.

तिचे काम आधी ठरवून घ्यावे, कारण सगळा खर्च त्यावर ठरतो. या खोलीत मिक्सिंग करायचे नसते. सभागृहातल्या स्पीकरचा खर्ज भिंतीतून आत येतच राहतो, त्यामुळे इथे बसून कोणता सूर किती ठेवावा याचा निवाडा करणे फसवे ठरते. इथे फक्त चुका पकडायच्या असतात: कोणता माइक बंद पडला, कुठे हम (विजेची सततची गुणगुण) येतो आहे, कोणता चॅनेल (एका माइकची मिक्सरमधली वाट) आवाज जास्त होऊन फाटतो आहे. हे एकदा मान्य केले की महागडे मॉनिटर स्पीकर यादीतून आपोआप गळतात आणि त्यांच्या जागी कान पूर्ण झाकणारा, पाठीमागून बंद असलेला एक चांगला हेडफोन येतो. मी मिक्सर भाड्याने घेतो. तारा, कनेक्टर आणि हेडफोन मात्र स्वतःचे ठेवतो, कारण भाड्याच्या तारेचा आतला सांधा किती जणांच्या पायाखाली गेला आहे, हे वरून दिसत नाही.

वीज

सर्वांत जास्त वेळ विजेला द्यावा. जुन्या सभागृहांत आणि मंगल कार्यालयांत थ्री-पिन सॉकेट भिंतीवर असते, पण त्याच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे अर्थिंगची तार जोडलेली असेलच असे नाही. म्हणून मल्टिमीटर सोबत न्यावा आणि तिथल्या वायरमनला बरोबर घेऊन तीन मापे घ्यावीत. फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट दिसावेत, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच दिसावेत आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसू नयेत. फेज-अर्थचे माप भलतेच कमी आले किंवा सारखे हलत राहिले, तर ते सॉकेट सोडून दुसरे शोधावे. हम जातो म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याची युक्ती अजूनही सांगितली जाते, पण ती कधीही करू नये. माइक हातात धरून उभ्या असलेल्या गायकाच्या जिवाशी तो खेळ आहे.

लाइटचे डिमर, पंखे आणि कूलर ज्या लाइनवर आहेत, तिच्यावर आपले सामान लावू नये. शहराच्या पूर्व भागात, जिथे भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, तिथे मोटर चालू-बंद होताना लाइनवर उठणारी टिकटिक आणि जमिनीतून येणारा ठोका, दोन्हींचा विचार करावा लागतो. माग कधी थांबतात हे विचारूनच तालमीची वेळ ठरवावी. मिक्सर, लॅपटॉप, राउटर आणि बाहेरची डिस्क एवढेच भार असतील, तर एक साधा यूपीएस जनरेटर सुरू होईपर्यंतचा काळ सहज निभावून नेतो. यूपीएसवर मी आता ठळक अक्षरांत ‘हात लावू नये’ असे लिहून ठेवतो. एका कार्यालयात मध्यंतराच्या आधी कोणीतरी आमच्याच एक्स्टेंशन बोर्डावर चहाची इलेक्ट्रिक किटली लावली, ब्रेकर पडला आणि पखवाजाच्या जुगलबंदीतला ऐन रंगाचा भाग गेला. तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला होता, पण मिक्सर बंद पडल्यावर त्याच्याकडे मुद्रित करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

माइक, तारा आणि मिक्सर

आधी कागदावर चॅनेलची यादी करावी. बारा जणांच्या भजनी मंडळाची यादी साधारण अशी होते: मुख्य गायक एक, साथीचे गायक दोन, हार्मोनियम एक, पखवाजाचे दोन (एक शाईकडे, एक कणीक लावलेल्या बाजूला), तबल्याचे दोन, टाळांवर थोड्या उंचीवरून दोन आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन. म्हणजे बारा; सोळा माइकच्या मिक्सरवर उरलेले चार ऐन वेळच्या पाहुण्यासाठी आणि बिघाडासाठी राखावेत. श्रोत्यांचे दोन माइक काटकसरीच्या नावाखाली गाळू नयेत. गजर संपल्यावर उठणारा ‘विठ्ठल विठ्ठल’चा प्रतिसाद गायकाच्या माइकमध्ये लांबून, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो.

सभागृहाचा आवाज आणि ध्वनिमुद्रण यांसाठी दोन मिक्सर ठेवायचे, तर प्रत्येक माइक दोन्हीकडे वाटणारा स्प्लिटर लागतो. तो ट्रान्सफॉर्मरचा असावा, म्हणजे दोन मिक्सरांच्या अर्थिंगचा, हम आणणारा फेरा तुटतो. कंडेन्सर माइकसाठी लागणारे ४८ व्होल्टचे फँटम (माइकच्या तारेतूनच जाणारी वीज) मात्र थेट जोडलेल्या बाजूच्या मिक्सरकडूनच द्यावे लागते. पैसे वाचवायचे असतील, तर दोन्ही कामांना एकच डिजिटल मिक्सर वापरणे अधिक शहाणपणाचे. बेहरिंगरच्या एक्सआर१८ मध्ये १६ माइक इनपुट आहेत आणि यूएसबीच्या एका तारेने १८ चॅनेल लॅपटॉपमध्ये जातात. यूएसबीकडे जाणारा आवाज इक्वलायझर (खर्ज-तीव्र कमी-जास्त करणारे नियंत्रण) आणि फेडर (आवाजाची सरकती पट्टी) यांच्या आधी घेतला, की साउंडवाल्याने फीडबॅक (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून उठणारी शिट्टी) मारण्यासाठी काहीही कापले तरी आपला ट्रॅक शाबूत राहतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते प्रमाण, मात्र दोघांचा एकच असतो. म्हणून कार्यक्रम सुरू झाल्यावर गेनला हात लावायचा नाही, हे साउंडवाल्याशी आधीच, आणि चहा पाजून, ठरवून घ्यावे. हा मिक्सर टॅबलेटवरून चालवता येतो, पण भरलेल्या सभागृहात शेकडो फोनांच्या गर्दीत वायफाय अडखळते. म्हणून मिक्सर चालवण्यासाठीही आपला लॅपटॉप त्याला लॅन केबलनेच जोडावा.

गेन ठरवताना आवाजाचे शिखर उणे १२ डेसिबलच्या (मीटरवर शून्य ही कमाल मर्यादा) आसपास राहील असे पाहावे. २४ बिटमध्ये मुद्रण करताना कमी पातळीची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती असावी ती गजराची. साउंड चेकला गायक गळा राखून एखादा अभंग गुणगुणतो आणि टाळकरी बोटांच्या टोकांनी टाळ वाजवतात. प्रत्यक्षात शेवटच्या गजराला तेच बारा जण उभे राहतात आणि मीटरवरचे लाल दिवे लागतात. म्हणून साउंड चेकला अभंग न मागता गजरच मागावा, आणि तोही उभे राहून.

माइकच्या तारा विजेच्या तारांना समांतर नेऊ नयेत. जिथे ओलांडाव्याच लागतील तिथे काटकोनात ओलांडाव्यात. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर तोच क्रमांक लिहावा.

खोली

खोली चौरस नसलेली आणि रंगमंचापासून निदान दोन भिंती दूर असलेली निवडावी. मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागे पत्र्यावर खडा पडल्यासारखी झणझण आली, तर समोरासमोरच्या भिंतींपैकी एक झाकावी लागेल. फोमचे तक्ते विकत घेण्याची गरज नाही. दोरी बांधून जाड सोलापुरी चादर दुहेरी टांगावी आणि ती भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावी, म्हणजे झणझण बरीच मरते. चादरीकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते, तिला चादर दिसतसुद्धा नाही. मंडपवाल्याकडून आठ-दहा कापसाच्या गाद्या भाड्याने आणून कोपऱ्यांत एकावर एक रचल्या, तर मधल्या पट्ट्यातला घुमारा कमी होतो. लग्नसराईत मात्र गाद्या महिनाभर आधी सांगून ठेवाव्या लागतात.

चादरी टांगल्या की खोली तापते, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ती आधीच तापलेली असते. लॅपटॉप गरम झाला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि मुद्रणात खंड पडू लागतात. त्याला गादीवर किंवा चादरीवर कधीही ठेवू नये. लाकडी पाटावर ठेवून खालची हवा मोकळी राखावी आणि बाजूला छोटा पंखा लावावा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, १६ चॅनेल असे मुद्रण ताशी सुमारे ८.३ जीबी जागा घेते. प्रत्येक चॅनेलची फाइल वेगळी ठेवावी, कारण सोळा चॅनेल एकाच साध्या वेव्ह फाइलमध्ये टाकले, तर ४ जीबीची मर्यादा साधारण अर्ध्या तासात गाठली जाते. लॅपटॉप एअरप्लेन मोडवर टाकावा. शिवाय एक हातातला छोटा रेकॉर्डर मिक्सरच्या मुख्य आउटपुटला जोडून, स्वतःच्या बॅटरीवर, कार्यक्रमाच्या पाच मिनिटे आधीपासून चालू ठेवावा.

रंगमंच दिसत नसेल, तर जुना फोन स्टँडवर लावून राउटरवरून त्याचे चित्र पाहावे. विंगेत एक मदतनीस बसवावा आणि त्याच्याशी फक्त लिहून बोलावे. ‘पखवाज डावा हलला’ एवढे तीन शब्द पुरतात.

कार्यक्रम संपला की तारा गुंडाळण्याआधी सगळ्या फाइल दोन वेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात आणि प्रत्येक डिस्कवरचा शेवटचा ट्रॅक हेडफोनवर प्रत्यक्ष ऐकून पाहावा. त्यानंतर एक डिस्क आपल्या पिशवीत आणि दुसरी मंडळाच्या सचिवांच्या हातात द्यावी. मंडपवाल्याच्या गाद्या मात्र त्याच रात्री मोजून परत कराव्यात, नाहीतर दुसऱ्या दिवसाचे भाडे चढते.