पडवीचं दार बदलताना

कोल्हापुरात घर आणि पडवी यांच्यामधलं दार सहसा खालून कुजतं. पावसाची झड पडवीच्या फरशीवर आपटते आणि शिंतोडे दाराच्या तळाला लागतात. ती तळाची कड बहुतेक घरांत कोरीच असते, कारण रंगारी येतो तोवर दार चौकटीत बसलेलं असतं आणि ब्रश खाली पोचत नाही. नवं दार टिकणार की नाही, हे त्या कडेवरच ठरतं.

आधी चौकट तपासा. उंबऱ्यापासून वीतभर उंचीपर्यंत दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय. नुसतं दार बदलून भागणार नाही. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, तिचा बंदोबस्त आधी. चौकट ठणठणीत असेल तर तिच्यातल्या दार बसायच्या खाचेची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, उंची दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही कर्ण. कर्णांत दोन सुतांहून (एक सूत म्हणजे साधारण ३ मिमी) जास्त फरक म्हणजे चौकट गुण्यात नाही, कोपरे काटकोनात नाहीत. दार तिच्या आकारात रंधावं लागेल. खाच जेवढी खोल, तेवढ्याच जाडीचं दार घ्या, बहुधा ३० किंवा ३५ मिमी.

फ्लश दार (थर चिकटवून केलेलं सपाट दार) घ्यायचं तर बीडब्ल्यूपीच, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचं. साध्या दाराचे थर ओलीनं सुटतात. कापावं लागलं तर कडेच्या लाकडी पट्टीपुरतंच, पट्टी गेली की पाणी थेट गाभ्यात जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथं डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं) दार जास्त शहाणपणाचं.

७ फूट बाय ३ फुटी, ३५ मिमी दार पस्तीसेक किलो भरतं. त्याला ५ इंची स्टीलच्या तीन बिजागऱ्या लावा: वरून ७ इंचांवर, खालून १० इंचांवर, तिसरी मधोमध. बिजागरीची खाच पटाशीनं तिच्या पत्र्याइतकीच खोल घ्या. जास्त खोल गेली तर दार मिटताना बिजागरीकडे अडतं आणि हात सोडला की परत उघडतं. चौकटीतली जुनी भोकं सैल असतील तर मरीन फेविकॉल लावून सागवानी खुंट्या ठोका, रात्रभर वाळू द्या, मगच बारीक ड्रिल मारून स्क्रू पिळा.

फट बाजूंना आणि वर एक सूत, उंबऱ्यापाशी दोन. उन्हाळ्यात बसवत असाल तर बाजूंना दीड सूत, कारण जूनमध्ये लाकूड फुगतं. पावसाळ्यात घट्ट झालं म्हणून लगेच रंधू नका, नाहीतर थंडीत खडखडेल.

दार नीट मिटतंय याची खात्री झाली की पुन्हा उतरवा. हा दिवसभराचा खोळंबा सुतारांना आवडत नाही, पण सोडू नका. सहाही बाजूंना, बिजागरीच्या खाचांतही, प्रायमरचे दोन हात द्या. तळाच्या कडेला तिसरा. वाळल्यावर पडवीच्या बाजूनं तळाशी पाणी झाडणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मारा.

नंतर कडीच्या बाजूचा खालचा कोपरा उंबऱ्याला घासायला लागला तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. तरीही घासलं तर खालच्या बिजागरीमागे पातळ पत्र्याचा तुकडा घाला, कोपरा उचलला जातो.