सुरक्षेची सूचना कामगाराला वाचता आली पाहिजे

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) वर्कशॉप असेल, तर सुरक्षेच्या सूचना केबिनमध्ये टांगू नका. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 108 ने जागाच सांगितली होती: मुख्य दारापाशी, सहज नजरेस पडेल अशी. मजकूर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत.

भाषेचं मनावर घ्याच. आपण घरी मराठी बोलतो, बाहेर गुजराती. पण प्रेस मशीनवर उभा असलेला मुलगा बिहारचा असेल, तर त्याला गुजराती लिपी वाचता येईलच असं नाही. हिंदी प्रतही लावा. कायद्याचा मजकूर आहे तसा राहू द्या, मात्र आपण स्वतः लिहिलेली सूचना आधी त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा. अडखळला, तर शब्द बदला. ‘सुरक्षा आवरण हटाना वर्जित है’ यापेक्षा ‘गार्ड खोलकर मशीन मत चलाओ’ हे चटकन कळतं.

मशीनची सूचना मशीनपाशीच, डोळ्यांच्या उंचीवर. ऑइलचे हात लागतात, पावसाळ्यात कागद फुगतो, म्हणून लॅमिनेशन करून घ्या. आणि प्रथमोपचार करणारा माणूस काम सोडून गेला, की सूचनेवरचं त्याचं नाव आणि नंबर त्याच दिवशी बदला.