जुन्या पिकअपचा अडचणीच्या जागेतला टेंपरेचर सेन्सर कसा बदलावा

वाशी मार्केटमधून माल भरलेली जुनी पिकअप सायन-पनवेल हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकते, तेव्हा ड्रायव्हरची सगळी भिस्त तापमानाच्या काट्यावर असते. काटाच खोटं दाखवत असेल, तर इंजिन तापून हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) जाईपर्यंत पत्ता लागत नाही. या काट्याला तापमान कळवतो तो टेंपरेचर सेन्सर.

काटा थंडवर अडकला किंवा उगाच वर-खाली उडू लागला, म्हणून लगेच सेन्सर आणू नका. इंजिन थंड असताना आधी कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं पाणी, बघा. ते कमी असेल तर सेन्सरचं टोक उघडं पडतं आणि काटा चुकतो. मग सेन्सरवरचा वायरचा कनेक्टर काढून बघा. मुंबईच्या दमट, खारट हवेत पिनांवर हिरवट थर चढतो. कित्येकदा तो साफ केला की काम भागतं.

एका वायरचा सेन्सर बहुधा फक्त काट्यासाठी असतो. चावी ऑन करून ती वायर इंजिनच्या धातूला क्षणभर टेकवा. काटा गरमकडे गेला तर वायर आणि मीटर ठीक आहेत, सेन्सर गेलाय. दोन वायरच्या सेन्सरला हे करू नका, त्याच्या पिनांना मल्टीमीटर लावून रेझिस्टन्स मोजा. थंड इंजिनावर साधारण दोन-तीन हजार ओहम आणि तापल्यावर दोन-तीनशे, असा फरक बहुतेक सेन्सरमध्ये दिसतो. आकडा हललाच नाही तर सेन्सर बाद.

आता बदलायचं काम. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, त्यामुळे इथे घाई नकोच. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून, पातळी सेन्सरच्या खाली येईल इतकं कूलंट स्वच्छ टबात घ्या आणि टब झाकून ठेवा. ते चवीला गोड पण विषारी असतं. गल्लीतलं कुत्रं किंवा लहान मूल तोंड लावू शकतं.

सेन्सर बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच्या (कूलंटची वाट उघडबंद करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आसपास, पाइपांच्या मागे दडलेला असतो. हात आत जातो, पण पाना फिरत नाही. तिथे झटापट करण्यापेक्षा एअर फिल्टरचा पाइप सरळ काढून ठेवा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. न दिसणारी जागाही मोबाइल आत धरून बघता येते. कनेक्टरचं लॉक दाबूनच ओढा, वायर धरून नको. तापून तापून जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. मग खोल गोटी (सॉकेट), एक्स्टेंशन आणि वाकडा फिरणारा युनिव्हर्सल जॉइंट लावा. बऱ्याच गाड्यांना १९ नंबरची गोटी बसते. सेन्सर जाम असेल तर गंज सोडवणारं तेल मारून थांबा. जोर केला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात, आणि ते काम फार महागात पडतं.

जुना सेन्सर सोबत घेऊनच कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, स्पेअर पार्टच्या बाजारात जा. आटे, लांबी, पिना जुळवून घ्या, वॉशर नवीन घ्या. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. पहिले तीन-चार वेढे हातानेच फिरवा, मग बेताने आवळा.

पाइप, कनेक्टर आणि बॅटरी जोडून कूलंट भरा. कमी पडलं तर त्याच जातीचं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून घाला, नळाचं पाणी नको. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. हीटर असेल तर तोही पूर्ण उघडा. बुडबुडे थांबले आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) गरम लागला की इंजिन बंद करा, गार झाल्यावर पातळी पूर्ण करून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी बघा आणि सेन्सरच्या मुळाशी बोट फिरवून ओल लागतेय का तपासा. ओल लागली तर इंजिन गारच असताना पाव वेढा आवळा.