भिंतीवरचे पोस्टर पडले तेव्हा

गणपतीनंतर परिषद घ्यायची हा हट्ट माझाच. तोवर रत्नागिरीत पाऊस ओसरतो म्हणे! सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर विद्यार्थी, चोवीस पोस्टर, आणि पहिल्याच सकाळी धो धो.

रात्री दुहेरी चिकटपट्टीने लावलेले पोस्टर जमिनीवर लोळत होते. भिंतीला ओल, पट्टी धरणार कशी? गोचीड चावून होणाऱ्या माकडतापावरच्या पोस्टरमध्ये तर गोचिडीच्या चित्राची शाई ओघळलेली. ते करणारी मुलगी दोडामार्गची. २०१६ साली सिंधुदुर्गात हा आजार आला तेव्हा ती शाळेत होती. तिच्याकडे बघवेना.

शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, धुणं वाळत घालतो तसे घाला की." पडवीच्या खांबांना, पागोळ्यांपासून आत, नायलॉनची दोरी ताणून बांधली. ए-झिरो म्हणजे जवळजवळ चार फूट उंच कागद; वर चार चिमटे पुरतात, पण खाली बांबूची कामटी हवीच, नाहीतर वाऱ्याने शीड होतं. दोडामार्गच्या मुलीचं पोस्टर फ्लेक्सवर पुन्हा छापून आणलं. पुढच्या वेळी सगळेच फ्लेक्सवर.

अकराला वीज गेली, प्रोजेक्टर बंद. मग भाषणंही पडवीतच: पोस्टरशेजारी उभं राहून तीन मिनिटं, बाकी प्रश्न. लेप्टोच्या (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) पोस्टरवर 'शेतकऱ्यांनी गमबूट वापरावेत' अशी शिफारस होती. पाहुण्या म्हणून आलेल्या आरोग्यसेविका हसल्या. "लावणीच्या चिखलात बूट रुततो, पाय तेवढा वर येतो. तुम्ही घालून बघितलात?"

कुणीच घातला नव्हता.