मलावीचा भुईमूग: शेंगा भिजवू नका, आणि इतर चुका

आफ्रिकेतल्या मलावी देशात भुईमूग हे बाईचं पीक. पेरणीपासून शेंगा फोडण्यापर्यंत बहुतेक कष्ट तिचे. पोतं तराजूवर चढलं की व्यवहार मात्र अनेकदा नवऱ्याकडे जातो. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ या वाटणीत आहे.

सर्वांत महागात पडते ती फोडण्याआधी शेंगा भिजवण्याची चूक. वाळलेल्या शेंगा हातानं फोडून बोटं सोलवटतात, म्हणून टरफल नरम करायला पाणी मारतात. दाण्यात ओल मुरते, बुरशी धरते आणि ॲफ्लाटॉक्सिन तयार होतं. भाजल्यानं हे विष पुरतं जात नाही. थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे 4 मायक्रोग्रॅम आहे. ओला दाणा वजनाला जड भरतो, त्यामुळेही हा प्रकार चालू राहतो. नुसतं ‘भिजवू नका’ सांगून काही होत नाही. शेतकरी गटाला हातानं फिरवायचं, शेंगा फोडण्याचं यंत्र मिळायला हवं. त्याची जाळी वाणाप्रमाणे बदला. चलिंबाना या वाणाचा दाणा फार टपोरा असतो; बारीक जाळीत तो फुटतो, आणि फुटक्या दाण्याला बुरशी लवकर लागते.

काढणी पंचांग बघून करू नका. शेताच्या चार-पाच ठिकाणची झाडं उपटून शेंगा उघडा. शंभरातल्या सुमारे 75 शेंगांचं टरफल आतून काळपट झालं असेल तर काढा. उशीर केला तर शेंगा मातीतच राहतात, कोंब फुटतात.

शेंगा जमिनीवर पसरून वाळवणंही चुकीचं. वेल दोन-तीन दिवस सुकू द्या, मग गोल उडवी रचा: शेंगा आतल्या बाजूला, पाला बाहेर, मधोमध हवेसाठी पोकळी, तळाशी पाल्याचा थर, वर पाल्याचीच टोपी. तिकडे याला ‘मांडेला कॉक’ म्हणतात. दाण्यातला ओलावा 7-8 टक्क्यांवर आला की शेंगा तोडा आणि टरफलासकट फळ्यांवर साठवा. हवाबंद पिशवी उत्तम, पण ओला माल त्यात कोंडलात तर तिचा फायदा उरत नाही.

निवडून बाजूला काढलेले सुरकुतलेले, बुरशीचे दाणे घरच्या न्सिंजिरोत, म्हणजे भाजीत घालायच्या कुटात, जातात. तिथे हमखास चूक होते, कारण चांगला माल विकला गेलेला असतो. ते दाणे कोंबड्यांना किंवा दुभत्या जनावरांनाही घालू नका. विष दुधात उतरतं. शेळ्यांना बुरशी नसलेला वाळका पालाच द्या.

विकताना बादलीच्या मापावर जाऊ नका. तराजूवर शंका असेल तर 20 लिटर पाण्याचा कॅन वजन करून बघा: 20 किलो अधिक रिकाम्या कॅनचं वजन, एवढंच भरलं पाहिजे. सोलून विकताना हिशेब आधी करा. 50 किलो शेंगांतून साधारण 33 किलो दाणे निघतात.

गटाच्या वहीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव घातलं की प्रशिक्षणाला नवरा जातो आणि शेंगा बायको फोडते. मध्य मलावीतल्या चेवा समाजात जमीन आईच्या वंशाकडून येते, तरीही विक्रीचा शब्द तिचाच असेल असं धरून चालू नका. दोघांची नावं नोंदवा, वाळवणीचं प्रात्यक्षिक पाणी भरण्याची वेळ टाळून ठेवा, आणि पैसे कोणाच्या मोबाइल खात्यात जाणार ते वजनाआधी ठरवा.