जॉर्ज मायकलचं 'जीझस टु अ चाइल्ड' कसं ऐकावं

ब्रिटिश गायक जॉर्ज मायकलचं हे गाणं भांडी घासताना लावू नका. जवळजवळ सात मिनिटांचं आहे. रात्री हेडफोन लावून एका बैठकीत ऐका. आधी शब्द सोडा, नुसती गिटार धरा. तो संथ ठेका ब्राझीलच्या बोसा नोव्हा या हळुवार संगीतप्रकाराच्या वळणाचा. का, ते सांगते: १९९३मध्ये गेलेल्या अन्सेल्मो फेलेप्पा या ब्राझिलियन जोडीदारासाठी हे लिहिलंय. दुसऱ्यांदा ऐकताना ओळींमधले श्वास ऐका. माझे डोळे तिथेच भरून येतात.

कोर्टकज्जात काही वर्षं गेल्यावर जानेवारी १९९६मध्ये मायकल याच गाण्याने परतला, ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर. रॉयल्टी त्याने गुपचूप 'चाइल्डलाइन' या मुलांच्या हेल्पलाइनला दिली. जगाला कळलं २०१६मध्ये, तो गेल्यावर. आता तिसऱ्यांदा लावा.